झाकली मूठ, झाकला कोड

सॉफ्टवेअर लायब्ररीचं (म्हणजे इतरांनी वापरायच्या तयार कोडचं) डॉक्युमेंटेशन लिहायला घेतलंय ना? मग एक पथ्य पाळा. वाचणाऱ्याला मूळ कोडपर्यंत पोचू देऊ नका. पाहुणा एकदा स्वयंपाकघरात शिरला की डब्यांची झाकणं उघडतोच.

पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेवाल्यांना हे कळलं नाही. त्यांच्या 'हीपक्यू' मॉड्यूलचं पान उघडा, वरच सोर्स कोडची लिंक! 'गो' भाषेच्या पानांवर तर फंक्शनच्या नावावर क्लिक केलं की थेट कोडच. डॉक्युमेंटेशनची पानं बनवणारं 'स्फिंक्स' वापरत असाल तर जास्तच जपा. तिथे 'व्ह्यूकोड' हे एक्स्टेन्शन कॉन्फिगच्या यादीत घातलं की कोडच्या लिंका आपोआप येतात, काम झालं. इतकं सोपं काही असेल, तर त्यात घातच असणार.

मॅनेजर हटून बसले तर द्या लिंक. पण कोड ठेवायच्या गिटहब साइटवरच्या, रोज बदलणाऱ्या 'मेन' ब्रांचचीच द्या, आणि तीही ओळ 120 ची. आज तिथे तुमचं फंक्शन आहे. उद्या कुणी वर चार इम्पोर्ट वाढवले की वाचक वेगळ्याच ओळीवर उतरेल. परवा फाइलच हलली की 404, 'पान सापडत नाही'. शिवाय जुनं व्हर्जन वापरणारा बिचारा नवा कोड वाचत बसेल, ते वेगळंच. (फाइल उघडून नुसती 'वाय' की दाबली की पत्त्यात ब्रांचऐवजी 40 अक्षरी कमिट हॅश (कोडच्या त्या वेळच्या रूपाची खूण) येतो आणि लिंक त्याच कमिटला बांधली जाते. हे आपल्यातच राहू द्या.)

उदाहरणं मनानेच लिहा, चालवून बघू नका. पायथनात 2001 पासून उदाहरणं चालवून तपासणारं 'डॉकटेस्ट' आहे. रस्ट भाषेत 'कार्गो टेस्ट' ही कमांड दिली की लायब्ररीच्या डॉक-कॉमेंटमधली (कोडमध्येच लिहिलेल्या माहितीतली) उदाहरणंसुद्धा चालवली जातात. म्हणजे तुम्ही काल लिहिलेली थाप आज बिल्ड लाल, म्हणजे नापास, करून चव्हाट्यावर! असला घरभेदी कशाला पाळायचा?

सगळ्यात भरवशाचा उपाय म्हणजे कोडचा स्क्रीनशॉट. सर्च होत नाही, कॉपी होत नाही, दिसतो मात्र एकदम अस्सल. आमच्या विकीवरच्या अशाच एका चित्रात टाइमआउट (उत्तराची वाट बघायची मुदत) 30 सेकंद होता. मी तो शिरसावंद्य मानून दोन दिवस नेटवर्कवाल्यांच्या नावाने खडे फोडले. कोडमध्ये होते 5. चित्राच्या कोपऱ्यात टास्कबारवरची तारीख तेवढी राहून गेली होती, साडेतीन वर्षांपूर्वीची.

तेव्हा स्क्रीनशॉट घेताना खालचा टास्कबार आठवणीने कापा.