‘श्रेणी द्या, शाळा सुधारतील’ : एका लोकप्रिय दाव्याचा प्रतिवाद

सरकारी शाळांच्या दर्जाचा विषय निघाला की समाजमाध्यमांवर एक युक्तिवाद हमखास पुढे येतो. त्याचा आशय असा : प्रत्येक शाळेला अ, ब, क, ड अशी श्रेणी द्यावी आणि ती फाटकावर लावावी; शिक्षकांची वेतनवाढ निकालाला जोडावी; वारंवार ‘ड’ श्रेणीत राहणाऱ्या शाळा बंद कराव्यात. मूल्यांकनाने गुणवत्ता वाढते याचा पुरावा म्हणून केंद्र सरकारच्या कामगिरी प्रतवारी निर्देशांकात, म्हणजे पीजीआयमध्ये, महाराष्ट्राने मिळवलेल्या ९२८ गुणांचा दाखला दिला जातो. शाळांना जाब विचारला जाऊ नये, असे मला म्हणायचे नाही. परंतु या युक्तिवादातील जवळजवळ प्रत्येक कलम तपासले तर ते लटके पडते, आणि सर्वांत लटका आहे तो हा पुरावाच.

२०२०-२१ च्या पीजीआयमध्ये केरळ, पंजाब आणि महाराष्ट्र या तीन राज्यांना हजारपैकी प्रत्येकी ९२८ गुण मिळाले. आदल्या वर्षी महाराष्ट्राचे गुण ८६९ होते. एका वर्षात ५९ गुणांची ही झेप ज्या वर्षी घेतली गेली, ते वर्ष करोनाचे होते. प्राथमिक शाळांच्या वर्गखोल्यांना बहुतेक काळ कुलूपच होते आणि ज्या घरात स्मार्टफोन नव्हता तेथील मुलांचे शिक्षण जवळपास थांबले होते. मग गुण वाढले कशाचे? निर्देशांकाची विभागणी पाहिली की उलगडा होतो. अध्ययन निष्पत्तींना, म्हणजे मुले प्रत्यक्ष काय शिकली याला, १८०, शाळेच्या उपलब्धतेला ८०, पायाभूत सुविधांना १५०, समतेला २३० आणि प्रशासकीय प्रक्रियांना तब्बल ३६० गुण होते. त्यातही अध्ययन निष्पत्तींचे १८० गुण नोव्हेंबर २०१७ मध्ये झालेल्या राष्ट्रीय संपादणूक सर्वेक्षणावरून दिलेले होते, कारण पुढचे सर्वेक्षण थेट नोव्हेंबर २०२१ मध्ये झाले. म्हणजे मधल्या वर्षांत मूल वाचायला शिकले की शिकलेले विसरले, याची कोणतीही नवी नोंद त्या ९२८ मध्ये नव्हती. वाढ झाली ती माहिती वेळेवर भरणे, ऑनलाइन हजेरी, निधीचे वितरण, सुविधा अशा बाबींत. या बाबी निरर्थक नाहीत, पण त्यांना ‘मुले जास्त शिकली’ असे म्हणता येत नाही.

पुढच्याच वर्षी निर्देशांकाची रचना बदलली, अध्ययन निष्पत्तींना २४० गुण देण्यात आले आणि नव्या सर्वेक्षणाचे आकडे वापरले गेले. तेव्हा चंडीगड आणि पंजाब सर्वांत वर राहिले, तेही ६४१ ते ७०० या गटात. महाराष्ट्र ५८१ ते ६४० या गटात आला. वर्षभरात राज्यातील शाळा एवढ्या कोसळल्या असे कोणीही म्हणणार नाही. त्याच न्यायाने आधीच्या ५९ गुणांचे श्रेयही शाळांना देता येत नाही. (९२८ चा फलक अजूनही मिरवला जातो, हे वेगळे सांगायला नको.)

दुसरे कलम शाळावार श्रेणीचे. हा प्रयोग जणू अजून व्हायचा आहे, अशा थाटात तो मांडला जातो. प्रत्यक्षात ‘शाळा सिद्धी’ हा राष्ट्रीय कार्यक्रम २०१५ पासून आहे. त्यात सात क्षेत्रे आणि ४६ गाभा मानके असून प्रत्येक मानकावर शाळेने स्वतःला तीनपैकी एका स्तरावर ठेवायचे असते. पहिली ते चौथीच्या द्विशिक्षकी शाळेत हे कसे होते, ते पाहावे. दोनपैकी एक शिक्षक मुख्याध्यापकाचा कारभार सांभाळतो. त्याच्याकडे पोषण आहाराची नोंदवही, यू-डायस या सरकारी संगणकीय नोंदणीत भरायची शाळेची माहिती, केंद्रप्रमुखांच्या बैठका आणि दोन इयत्ता आधीच असतात. त्यात मूल्यांकनासाठी पुरावे जमवायचे म्हणजे छायाचित्रे, इतिवृत्ते आणि फायली. फाईल पूर्ण होते, आणि ती होईपर्यंत दुसरीतील मुले पाटीवर काय लिहीत बसली होती, हे कोणत्याही मानकात येत नाही.

हा केवळ शिक्षकांचा तक्रारीचा सूर नाही. मध्य प्रदेशात अशाच स्वरूपाच्या कार्यक्रमाची, म्हणजे शाळेचे मूल्यांकन, त्यावरून सुधारणा आराखडा आणि मग पाठपुरावा यांची, कार्तिक मुरलीधरन आणि अभिजीत सिंग या अर्थतज्ज्ञांनी मोठ्या प्रमाणावर शास्त्रशुद्ध चाचणी घेतली. मूल्यांकने झाली, आराखडेही तयार झाले. परंतु शिक्षकांच्या उपस्थितीत, अध्यापनात किंवा मुलांच्या संपादणुकीत फरक आढळला नाही. तरीही कागदोपत्री यशस्वी ठरलेल्या या कार्यक्रमाचा विस्तार होत गेला. या विषयावर बोलणाऱ्या प्रत्येकाने हा अभ्यास आधी वाचावा, असे मला वाटते.

वेतनवाढ निकालाला जोडण्याची कल्पना तर दीडशे वर्षांहून जुनी आहे. इंग्लंडने १८६२ मध्ये शाळांचे अनुदान मुलांच्या वाचन, लेखन आणि अंकगणिताच्या परीक्षेवर बेतले. मुंबई इलाख्यातही निकालानुसार अनुदानाची पद्धत होती. इंग्लंडमध्ये शाळा तपासनीस असलेले कवी मॅथ्यू आर्नल्ड यांनी या पद्धतीने अध्यापन यांत्रिक झाल्याचे स्पष्टपणे नोंदवले, आणि १८९० च्या दशकात ती मोडीत निघाली. अलीकडचे उदाहरण अमेरिकेतील अटलांटाचे : चाचणीच्या निकालांचा दबाव इतका वाढला की २०११ च्या राज्यस्तरीय चौकशीत ४४ शाळांमधील १७८ शिक्षक-मुख्याध्यापक उत्तरपत्रिकांतील गैरप्रकारांत गुंतल्याचा निष्कर्ष निघाला.

येथे एक गोष्ट मान्य करायला हवी, कारण ती माझ्या म्हणण्याच्या विरुद्ध जाते. आंध्र प्रदेशच्या ग्रामीण शाळांत शिक्षकांना निकालानुसार बोनस देण्याच्या प्रयोगात दोन वर्षांनी गणित आणि भाषा या दोन्हींत मुलांची प्रगती खरोखर अधिक दिसली. मात्र त्या प्रयोगाच्या अटी पाहाव्यात : बोनस वार्षिक वेतनाच्या सरासरी तीन टक्क्यांच्या आसपास होता, चाचण्या त्रयस्थांनी घेतल्या होत्या, आणि मोजली होती ती मुलांची आधीच्या पातळीपासून झालेली प्रगती. फाटकावरची श्रेणी नव्हती आणि शाळा बंद करण्याची टांगती तलवारही नव्हती. ज्यांना हा प्रयोग पुरावा म्हणून हवा आहे, त्यांनी या अटींसकट तो स्वीकारावा.

शाळा बंद करण्याविषयी थोडक्यात. ज्या वर्गात चारच मुले आहेत, तेथे चाचणीच्या दिवशी एक मूल गैरहजर राहिले किंवा ऊसतोडीला आई-वडिलांबरोबर गेले, तरी निकाल २५ टक्क्यांनी हलतो. राज्यात वीसपेक्षा कमी पटाच्या हजारो शाळा आहेत, आणि श्रेणीचा पहिला वार त्यांच्यावरच पडेल. २०१७ मध्ये दहापेक्षा कमी पटाच्या सुमारे १,३०० शाळा बंद करण्याचा निर्णय झाला तेव्हा ओढे, घाट आणि जंगलवाटा ओलांडून सहा वर्षांचे मूल जाणार कसे, हाच प्रश्न गावोगाव विचारला गेला. शिक्षणहक्काच्या राज्य नियमांत पहिली ते पाचवीसाठी एक किलोमीटरचे अंतर आहे, आणि श्रेणी घसरली म्हणून ते अंतर वाढवता येत नाही.

फाटकावरच्या श्रेणीच्या बाजूने मांडला जाणारा ‘पालकांना एका नजरेत कळायला हवे’ हा मुद्दा आकर्षक आहे. इंग्लंडच्या ऑफस्टेड या तपासणी संस्थेने वर्षानुवर्षे तेच केले; तरीही तेथील सरकारने सप्टेंबर २०२४ मध्ये सरकारी शाळांना एकाच शब्दात दर्जा देण्याची पद्धत थांबवली. एका मुख्याध्यापिकेचा मृत्यू आणि त्यावरची न्यायिक चौकशी त्यामागे होती, पण शाळेतल्या अनेक गोष्टी एका शब्दात मावत नाहीत, हेही तपासनीसांना आणि पालकांना दिसून चुकले होते.

मग करायचे काय, असे विचारले जाते. मुंबई महापालिकेच्या शाळांत २००१ ते २००३ दरम्यान ‘बालसखी’ उपक्रमाची चाचणी झाली. तिसरी-चौथीतील मागे पडलेल्या मुलांना दिवसातून सुमारे दोन तास वेगळे बसवून वस्तीतीलच एक तरुणी त्यांच्या पातळीपासून वाचन आणि अंकज्ञान शिकवत असे. चाचण्यांत गुण वाढले, आणि सर्वाधिक फायदा झाला तो सर्वांत मागे असलेल्या मुलांचा. तेथेही मोजमाप होतेच. पण ते कोणत्या मुलाला काय शिकवायचे हे ठरवण्यासाठी होते, आणि मोजून झाल्यावर शिकवणारी व्यक्ती वर्गात हजर होती. फिरणाऱ्या त्या संदेशात ‘ड’ श्रेणीच्या शाळेतील रिक्त पद कधी भरले जाईल, याविषयी एक ओळही नाही.