जो, तो आणि दोन स्वल्पविराम: एका प्रतिक्रियेला उत्तर

सर, नमस्कार.

इंग्रजीतल्या 'हू', 'विच', 'दॅट'वरच्या माझ्या लेखाखालची तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: 'हू म्हणजे जो, विच म्हणजे जे' असा मराठीचा टेकू देऊन मी मुलांना अधू करते आहे, इंग्रजी इंग्रजीतूनच शिकवावं, आणि आधी स्वल्पविराम नसेल तिथे 'विच' नव्हे, 'दॅट'च हवं, हा साधा नियमही मी पाळलेला नाही. तुम्ही तीस वर्षं शाळेत इंग्रजी शिकवलंत, म्हणून दोन ओळींत उत्तर देऊन मोकळं होणं मला बरं वाटेना.

आधी तुमचं जिथे बरोबर आहे ते. लेखातला तो तक्ता चुकलाच. आपण 'जो मुलगा' म्हणतो तसंच 'जो आंबा'ही म्हणतो, कारण मराठी लिंग बघते. इंग्रजी बघते ते माणूस आहे की वस्तू. 'हू म्हणजे जो' पाठ केलेला मुलगा उद्या 'द मँगो हू' लिहील आणि दोष माझा असेल. तक्ता मी काढून टाकला आहे.

पण मराठी वर्गाबाहेर ठेवा, हे मला पटत नाही. ठेवली तरी ती बाहेर राहत नाही. माझ्या संध्याकाळच्या बॅचला नाशिक शहरातली मुलं असतात, तशी दिंडोरी-निफाडकडून एसटीने येणारीही असतात. 'विच बुक आय बॉट यस्टर्डे, दॅट इज लॉस्ट' हे वाक्य दरवर्षी कुणीतरी लिहितंच. त्याला कुणी भाषांतर करायला सांगितलेलं नसतं. 'जे पुस्तक मी काल घेतलं, ते हरवलं' हा साचा डोक्यात तयार असतो आणि इंग्रजी शब्द त्यात जाऊन बसतात. मराठीत 'जे' आलं की कान 'ते'ची वाट बघतो. 'ज्याचं जळतं त्यालाच कळतं' यातला 'त्यालाच' काढून बघा, म्हणच कोसळते. इंग्रजीत हा 'ते' येत नाही. नाम आधी येतं, त्याला चिकटून 'विच', आणि मग सरळ क्रियापद: 'द बुक विच आय बॉट यस्टर्डे इज लॉस्ट'. नुसती लाल रेघ मारली तर मुलगा पुढच्या आठवड्यात तेच लिहितो. 'तुझ्या वाक्यात मराठीतला 'ते' कुठे शिरलाय, शोध' म्हटलं की त्याचं त्यालाच सापडतं.

आता स्वल्पविराम. लेखात त्यावर एवढं का लिहिलं, असं तुम्ही विचारलंत. त्याचं कारण एक ईमेल. माझा एक विद्यार्थी पिंपळगावच्या बाजूला द्राक्षांच्या पॅकहाऊसमध्ये काम करतो. मार्चमध्ये त्याने परदेशातल्या खरेदीदाराला लिहिलं: 'द ग्रेप्स, विच वेअर पॅक्ड ऑन मंडे, हॅव क्रॅक्ड बेरीज.' थोड्याच वेळात फोन आला, अख्खा कंटेनर खराब आहे का? तो घाबराघुबरा होऊन वर्गात आला. मी म्हटलं, तुला काय म्हणायचं होतं ते मराठीत सांग. तो म्हणाला, 'मॅडम, जी द्राक्षं सोमवारी भरली ना, त्यांचेच मणी तडकलेत. बाकीच्या पेट्या चांगल्या आहेत.'

त्या 'त्यांचेच'मध्ये सगळं व्याकरण आहे. 'जी द्राक्षं' म्हटल्याबरोबर ढिगातून काही द्राक्षं वेगळी काढली जातात. इंग्रजीत हे काम स्वल्पविराम न देता होतं: 'द ग्रेप्स विच वेअर पॅक्ड ऑन मंडे'. दोन स्वल्पविराम पडले की अर्थ होतो, सगळीच द्राक्षं खराब आहेत आणि ती सोमवारी भरली होती, ही जाता जाता दिलेली माहिती. त्याने बोलताना जिथे श्वास घेतला असता तिथे स्वल्पविराम दिले, बस.

म्हणून मी मुलांना मराठीचीच परीक्षा लावायला सांगते. 'जो', 'जी', 'जे' नामाच्या आधी ठेवून बघा. 'जी द्राक्षं सोमवारी भरली ती' हे सहज बसतं, तर इंग्रजीत स्वल्पविराम नको. 'जी गोदावरी त्र्यंबकेश्वरजवळ उगम पावते ती' म्हटलं की ऐकणारा विचारेल, दुसरी गोदावरी कुठली? मग इंग्रजीत स्वल्पविराम हवाच: 'द गोदावरी, विच रायझेस निअर त्र्यंबकेश्वर, फ्लोज थ्रू नाशिक.' नववीतल्या मुलीलाही हे दहा मिनिटांत कळतं. 'डिफायनिंग' (वेगळं काढणारं उपवाक्य) आणि 'नॉन-डिफायनिंग' (नुसती जोडमाहिती देणारं) हे शब्द पाठ करून कळत नाही, हे मी वर्षानुवर्षं पाहिलं आहे.

'विच' आणि 'दॅट'बद्दल थोडक्यात. स्वल्पविराम नसेल तिथे 'दॅट' वापरावं, हे ब्रिटिश कोशकार हेन्री फाउलर यांनी १९२६ साली इंग्रजीच्या वापरावरच्या आपल्या कोशात सुचवलं, आणि बहुतेक लेखक तसं लिहीत नाहीत हेही तिथेच मान्य केलं. अमेरिकेतल्या संपादकांनी ते उचलून धरलं. ब्रिटनमध्ये आजही दोन्ही चालतं. १६११च्या इंग्रजी बायबलात तर देवालाच 'विच' आहे: 'अवर फादर विच आर्ट इन हेवन'. उलट बाजू मात्र पक्की आहे. स्वल्पविरामानंतर जोडलेल्या माहितीला 'दॅट' लावू नये. तिथे आपलं एकमत आहे.

शेवटी एक उदाहरण, जे मी पुढच्या लेखात घेणार आहे. 'जो जे वांछील तो ते लाहो.' सहा शब्दांत दोन संबंधी सर्वनामं आणि दोघांना दोन उत्तरं. हे इंग्रजीत करायला सांगितलं तेव्हा वर्ग पाऊण तास भांडत होता. इंग्रजीत एका उपवाक्यात 'हू' आणि 'विच' असे शेजारी उभे राहू शकत नाहीत. शेवटी फळ्यावर उरलं ते 'मे एव्हरीवन गेट व्हॉटेव्हर दे डिझायर': 'जो-तो' गेला 'एव्हरीवन'मध्ये, 'जे-ते' गेलं 'व्हॉटेव्हर'मध्ये. 'व्हॉटेव्हर'च्या पोटात दोन शब्द आहेत, हे त्या मुलांना तोवर कुणी दाखवलं नव्हतं. तुम्ही हे वाक्य कसं केलं असतं, ते जरूर लिहा. लेखात तुमचं भाषांतरही शेजारी देईन.