धनुष्य हलके करायचे म्हणजे नेमका कोणता भाग हलका करायचा?

तिरंदाजी शिकणाऱ्या मुलांच्या पालकांमध्ये सध्या एक लांबलचक मजकूर फिरतो आहे. धनुष्य जितके आखूड आणि हलके तितके ते अचूक आणि वेगवान, हे त्याचे मुख्य म्हणणे असून त्यापुढे पाच दावे मांडले आहेत. आखूड धनुष्य नेमबाजीला नेहमीच सरस असते आणि घरी लांब धनुष्य असेल तर त्याची टोके कापून ते आखूड करता येते; धनुष्याचे वजन घटवले की बाणाचा वेग वाढतो, त्यामुळे समोर लावलेल्या दांड्या हे निव्वळ ओझे आहे; बाण शक्य तितका हलका घ्यावा; कंपाउंड, म्हणजे टोकांना चाके असलेल्या, धनुष्याला ताकद लागत नाही म्हणून लहान मुलांना तेच द्यावे; आणि शेवटी पुरावा म्हणून तुर्क व मंगोल घोडेस्वारांची आखूड धनुष्ये. हा मजकूर माझ्या धाकट्या भावाकडे आला आणि तो वाचून त्याने आपल्या बारा वर्षांच्या मुलीच्या धनुष्याची टोके कापून देणारा कारागीर शोधायला सुरुवात केली. अशा वेळी 'लोक काहीही पाठवतात' एवढे म्हणून गप्प बसता येत नाही.

या मजकुरातील मूळ चूक एकच आहे आणि ती समजली की बहुतेक दावे आपोआप कोसळतात. धनुष्यात दोन प्रकारचे भाग असतात. मधली मूठ, जिला रायझर म्हणतात, ती बाण सुटताना जवळजवळ स्थिर राहते. तिच्या वरची आणि खालची वाकणारी पाती, म्हणजे लिम्ब, आणि त्यांना जोडणारी दोरी हे भाग मात्र बाणाबरोबर वेगाने पुढे झेपावतात. जो भाग बाणाबरोबर धावतो तो हलका असला पाहिजे, कारण त्याला गती देण्यात साठलेली ऊर्जा खर्च होते. जो भाग स्थिर राहायचा आहे तो हलका करून वेगात काडीचाही फरक पडत नाही, उलट स्थैर्य जाते.

हे माझे मत नव्हे. अमेरिकी भौतिकशास्त्रज्ञ पॉल क्लॉपस्टेग यांनी 1943 मध्ये 'अमेरिकन जर्नल ऑफ फिजिक्स'मध्ये धनुष्यबाणाच्या भौतिकशास्त्रावर लिहिलेल्या लेखात ही गोष्ट मांडून ठेवली आहे. त्यांनी 'आभासी वस्तुमान' ही कल्पना वापरली. पाती आणि दोरी यांच्यात जी ऊर्जा अडकून राहते, ती बाणाच्याच वेगाने धावणाऱ्या एखाद्या जादा वजनात गेली असे मानायचे. हे काल्पनिक वजन एका धनुष्यापुरते जवळपास कायम राहते, मग बाण हलका असो वा जड. त्यामुळे साठलेल्या ऊर्जेपैकी किती वाटा बाणाला मिळणार, हे बाणाचे वजन आणि हे आभासी वस्तुमान यांच्या प्रमाणावरून काढता येते.

आता याच हिशेबाने सर्वांत घातक दावा तपासू या, तो म्हणजे बाण शक्य तितका हलका घेण्याचा. समजा, टोके उलटी वाकलेल्या, म्हणजे रिकर्व्ह प्रकारच्या, एका धनुष्याला ओढायला सुमारे 40 पौंडांचा जोर लागतो, पूर्ण ताणल्यावर त्यात 45 जूल ऊर्जा साठते आणि त्याचे आभासी वस्तुमान 6 ग्रॅम आहे. बाण 20 ग्रॅमचा असेल तर त्याला सुमारे 35 जूल मिळतात, तो सेकंदाला सुमारे 59 मीटर वेगाने सुटतो आणि धनुष्यात 10 जूल मागे राहतात. बाण 10 ग्रॅमचा केला तर वेग 75 मीटरवर जातो, पण धनुष्यात 17 जूल उरतात. बाण 5 ग्रॅमचा केला तर वेग 90 मीटर होतो आणि निम्म्याहून अधिक ऊर्जा, सुमारे 25 जूल, धनुष्याच्याच अंगावर येते. बाण न लावता दोरी सोडली तर सगळे 45 जूल पात्यांना, दोरीला आणि सांध्यांना सोसावे लागतात. यालाच ड्राय फायर म्हणतात, आणि कोणत्याही मैदानावर प्रशिक्षक पहिल्याच दिवशी सांगतो की रिकामी दोरी कधीही सोडायची नाही. अति हलका बाण लावणे म्हणजे त्या ड्राय फायरच्या दिशेने पावले टाकत जाणे आहे. पाते तडकले तर त्याचा तुकडा ओढणाऱ्याच्या चेहऱ्याकडे उडू शकतो, आणि कंपाउंडमध्ये दोरी किंवा केबल सुटली तर इजा हाताला आणि डोळ्यालाही होऊ शकते. म्हणूनच कंपाउंडसाठी ओढीच्या दर पौंडामागे किमान 5 ग्रेन वजनाचा बाण हा दंडक रूढ आहे. 50 पौंडांच्या धनुष्याला त्यामुळे 250 ग्रेन, म्हणजे साधारण 16 ग्रॅमपेक्षा हलका बाण लावायचा नाही. 'शक्य तितका हलका' असे लिहिणाऱ्याने ही मर्यादा एका शब्दानेही सांगितलेली नाही, आणि तो मजकूर मुलांच्या पालकांना उद्देशून आहे, याचा मला संताप येतो.

टोके कापण्याचा सल्ला तर वाचणेही सहन होत नाही. आजचे पाते हा लाकडाचा सलग तुकडा नसतो. मध्ये लाकडाचा किंवा फोमचा गाभा आणि दोन्ही बाजूंना काचतंतूंचे अथवा कार्बनचे थर, असे ते चिकटवून तयार केलेले असते. टोकाला दोरीचा फासा बसण्यासाठी खाच असते आणि तिथे मुद्दाम जादा थर देऊन मजबुती आणलेली असते. ते टोक कापले की थर उघडे पडतात, खाच जाते, आणि नवी खाच करवतीने पाडली तर ताण नेमका त्या चिरेवर येतो. शिवाय पाते आखूड झाले की तेवढेच अंतर ओढण्यासाठी ते पूर्वीपेक्षा अधिक वाकवावे लागते; म्हणजे ओढण्याचे पौंड वाढतात आणि थरांवरचा ताणही वाढतो. बारा वर्षांच्या मुलीसाठी धनुष्य सोपे करायला निघायचे आणि ते जड ओढीचे करून ठेवायचे, असा हा उपाय आहे. रिकर्व्हच्या बाबतीत आणखी एक गोष्ट आहे. त्याच्या टोकाशी असलेला उलटा बाक शोभेसाठी नसतो. दोरी चढवलेली असताना ती या बाकावर टेकलेली असते, आणि ओढत जाल तशी त्यावरून सुटी होते, त्यामुळे तरफेची लांबी वाढत जाते आणि शेवटच्या दोन-तीन इंचांत ओढ एकदम जड होत नाही. टोक कापणारा माणूस नेमका हाच बाक कापून टाकतो.

आखूड धनुष्य अधिक अचूक असते, हे विधान तर सरळसरळ उलटे आहे, निदान तीन बोटांनी दोरी ओढणाऱ्यांसाठी. पूर्ण ताणलेल्या स्थितीत दोरीचा बोटांपाशी एक कोन होतो. धनुष्य आखूड असेल तर तो कोन अरुंद होतो, बोटे एकमेकांवर दाबली जातात, बाणाचा नॉक, म्हणजे दोरीत अडकणारी मागची खाच, चिमटीत सापडतो आणि सुटताना तो कुठल्या ना कुठल्या बाजूला ढकलला जातो. 70 मीटरवरच्या 122 सेंटिमीटरच्या लक्ष्यात दहा गुणांचे वर्तुळ 12.2 सेंटिमीटर व्यासाचे असते. त्याच्या केंद्रापासून कडेपर्यंतची सूट कोनात मोजली तर एका अंशाचा विसावा भाग भरते. एवढ्या सूक्ष्म मर्यादेत बोटांची चिमट पुरून उरते. म्हणूनच 25 इंची रायझरला पात्यांच्या तीन मापांनुसार 66, 68 आणि 70 इंचांची धनुष्ये होतात आणि खेळाडूच्या ओढीच्या लांबीनुसार त्यांतून निवड केली जाते. 28 इंच ओढणाऱ्याला साधारणपणे 68 इंच सुचवतात.

या ठिकाणी मजकुरातील अर्धे सत्य मान्य करावे लागते. ज्या मुलाची ओढच 22 किंवा 24 इंच आहे त्याला प्रौढांचे 68 इंची धनुष्य देणे चूकच आहे, कारण पाती पुरेशी वाकतच नाहीत आणि साठायला हवी ती ऊर्जा साठत नाही. त्याला आखूड धनुष्य हवे, वजनालाही हलके हवे, नाहीतर खांदा खाली पडतो आणि ती सवय पुढे मोडत नाही. परंतु ते त्याच्या मापाचे बनवलेले धनुष्य असते, कापून लहान केलेले नव्हे. मूठ वेगळी आणि पाती वेगळी असलेल्या टेक-डाउन धनुष्यात हा प्रश्न कधीच सुटला आहे. मूल वाढेल तशी पाती बदलायची, मूठ तीच ठेवायची. आणि प्रवासात सुटे भाग करून ते पाठपिशवीत जाते, त्यामुळे आटोपशीरपणाची हौसही भागते.

वजनाचा दावा आता फार वेळ घेणार नाही. दोरी सुटल्यापासून बाण तिच्यापासून वेगळा होईपर्यंत रिकर्व्हमध्ये साधारण 15 ते 20 मिलिसेकंद जातात. तेवढ्या वेळात मुठीला हाताचा जरासा पीळ बसला तरी बाण भरकटतो, आणि तो पीळ अडवण्याचे काम जडत्व करते. समोरच्या दांडीच्या टोकाला, हातापासून 75 सेंटिमीटरवर, 100 ग्रॅमचे वजन लावले तर फिरण्याला जो विरोध होतो तो मुठीपासून 10 सेंटिमीटरवर ठेवलेल्या 1 किलो वजनाच्या पाचपटीहून अधिक असतो, कारण अंतराचा वर्ग होतो. ज्याला धनुष्य खरोखर हलके करायचे आहे त्याने हाच हिशेब वापरावा. मुठीतले अनावश्यक धातू काढावे आणि त्यातले थोडे वजन दूर, टोकाला न्यावे. पात्यांची टोके आणि दोरी यांत मात्र वाचलेला एकेक ग्रॅम वेगात दिसतो. दांड्या ओझे म्हणून काढून टाकणे म्हणजे नको तिथे काटकसर करणे होय.

कंपाउंडबद्दलचा दावा महाराष्ट्रात विशेष वेगाने पसरला, याचे कारण उघड आहे. ऑगस्ट 2023 मध्ये बर्लिन येथे साताऱ्याची अदिती स्वामी आणि नागपूरचा ओजस देवतळे हे दोघेही कंपाउंडचे वैयक्तिक विश्वविजेते झाले, आणि 2028 च्या लॉस एंजेलिस ऑलिम्पिकमध्ये कंपाउंडची मिश्र सांघिक स्पर्धा येते आहे. पालकांचा ओढा तिकडे असणे स्वाभाविक आहे. परंतु ताकद लागत नाही, हे खोटे आहे. मिसूरीच्या हॉलेस विल्बर ॲलन यांना 1969 मध्ये ज्या रचनेचे पेटंट मिळाले, तिच्यात दोरी टोकांवरच्या चाकांवरून जाते आणि पूर्ण ताणल्यावर धरून ठेवण्याचे वजन बरेच उतरते. आजच्या कॅममध्ये, म्हणजे त्या चाकांत, ते सहसा 65 ते 80 टक्क्यांनी कमी होते. पण 50 पौंडांच्या धनुष्यात त्याआधी 50 पौंडांचा शिखरभार, म्हणजे ओढताना लागणारा सर्वाधिक जोर, ओलांडावाच लागतो. शेवटी हातात 10 पौंड उरतात, याचा अर्थ 10 पौंडांची ताकद पुरते असा होत नाही, आणि कोवळ्या खांद्याला दुखापत होते ती त्या शिखराशी. आंतरराष्ट्रीय स्पर्धेत हा शिखरभार 60 पौंडांपर्यंत चालतो. शिवाय कंपाउंड आटोपशीर दिसत असले तरी हलके नसते. आखूड, ताठ पाती फार मोठा भार पेलतात, म्हणून मूठही तेवढीच दणकट लागते, आणि त्यात चाकांची भर पडते. ते आखूड असूनही नेम बिघडत नाही, कारण दोरी बोटांनी न ओढता रिलीज या यंत्राने एका बिंदूत धरतात आणि चिमट येतच नाही.

तुर्क-मंगोलांचे उदाहरण याच कारणाने मजकुराच्या विरोधात जाते. ते घोडेस्वार दोरी तीन बोटांनी ओढत नसत, अंगठ्याने ओढत, आणि त्यासाठी अंगठ्यात खास अंगठी घालत. मुघलांतही ती होती. शहाजहानची जेडची अशी अंगठी लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे. शिवाय ती धनुष्ये साध्या लाकडाची नव्हती. पोटाला, म्हणजे ओढणाऱ्याकडच्या बाजूला, दाब सोसणारे शिंग, पाठीला, म्हणजे लक्ष्याकडच्या बाजूला, ताण सोसणारे जनावरांच्या कंडरांचे तंतू आणि मध्ये लाकूड, असे ते सरसाने जोडून महिनोन्‌महिने सुकवत. एवढा वाक लाकडाने सोसलाच नसता. आखूडपणा ही त्यांची घोड्यावरची गरज होती आणि तिची किंमत त्यांनी साहित्यात व कारागिरीत मोजली. उलट इंग्रजांचे यू नावाच्या झाडाच्या एकसंध लाकडाचे धनुष्य माणसाच्या उंचीएवढे किंवा त्याहून लांब असे. 1545 मध्ये बुडालेल्या मेरी रोझ या जहाजातून अशी 170 हून अधिक धनुष्ये वर काढली गेली आहेत. साहित्य तेच ठेवून लांबी घटवली की धनुष्य मोडते, हे दोन्ही परंपरांना ठाऊक होते.

ज्यांनी हा मजकूर वाचून धनुष्याची टोके आधीच कापली आहेत त्यांनी ते पुन्हा ओढून पाहू नये. ती पाती बाद करावी. ज्यांच्या हातून फार हलका बाण किंवा रिकामी दोरी सुटली असेल त्यांनी दोरी काढून पात्यांच्या दोन्ही बाजूंवरून आणि कडांवरून कापसाचा बोळा हळूहळू फिरवावा. जिथे तंतू अडकतील तिथे थर उठलेला आहे असे समजावे. चाकांच्या धनुष्याला मात्र घरी हात लावू नये. त्याची पाती दोरी काढल्याशिवाय नीट तपासता येत नाहीत आणि दोरी काढण्यासाठी प्रेस, म्हणजे पाती दाबून धरणारे यंत्र, लागतो, त्यामुळे ते प्रशिक्षकाकडे किंवा प्रेस असलेल्या दुकानातच न्यावे.