एनोला होम्स: रहस्य फिकं, पोरगी झकास

भाचीला दाखवायचा म्हणून परवा 'एनोला होम्स' पुन्हा लावला. दहा मिनिटांत रिमोट तिच्या हातात गेला. पडद्यावर एनोला आईने मागे ठेवलेल्या अक्षरांचे तुकडे सरकवून बघत होती, आणि इकडे ही बया पॉज करून कागदावर तेच करत बसली. "मावशी, उत्तर सांगितलंस तर बघ!" मी कशाला सांगतेय, मला आठवतच नव्हतं.

सिनेमा 2020 च्या सप्टेंबरचा. आधी थिएटरमध्ये यायचा होता, कोविडमुळे नेटफ्लिक्सवर आला. नॅन्सी स्प्रिंगरच्या किशोर कादंबऱ्यांवरून घेतलेला. शेरलॉकची धाकटी बहीण, वय 16, साल 1884. वाढदिवसाच्या सकाळी उठते तर आई गायब. दोघे मोठे भाऊ येतात, त्यातला मायक्रॉफ्ट तिला 'वळण लावणाऱ्या' शाळेत टाकायचं ठरवतो, ती पळते. पुढचं सांगत नाही.

"सशक्त नायिका" असं कुणी लिहिलं की मला आधी धडकीच भरते. म्हणजे आता ही दहा जणांना लोळवणार आणि केसाची बटसुद्धा जागची हलणार नाही. एनोला तशी नाही. सायकल चालवते आणि पडते. जुजुत्सूचा, म्हणजे जपानी कुस्तीचा, एक ठरावीक डाव तिला शिकवलाय, तो ऐन वेळी फसतो. आणि पडल्यावर आपल्याकडे, म्हणजे थेट कॅमेऱ्याकडे, अशी बघते की 'बघितलंत? बरं, आता विसरा.' एनोला झालेली मिली बॉबी ब्राउन सिनेमा आला तेव्हा खरोखरच सोळा वर्षांची होती आणि सिनेमाची एक निर्मातीही होती. ते कॅमेऱ्याशी बोलणं दुसऱ्या कुणाला जमलं असतं असं मला वाटत नाही. जरा जास्त झालं की डोक्यात गेलं असतं. (दोन ठिकाणी जातंच.)

पण मला ती आवडली ती मारामारीसाठी नाहीच. ती जिथे शोधते ना, तिथे पुरुष बघतच नाहीत. कॉर्सेटचंच घ्या, म्हणजे कंबर आवळायचा तो आतला कपडा. मायक्रॉफ्टला तिला कॉर्सेटमध्ये आवळून बसवायचंय. ही लंडनला पोचल्यावर आपणहून जाऊन कॉर्सेट विकत घेते, कशासाठी, तर आईने ठेवलेले पैसे लपवायला! बाईच्या कपड्यांच्या आत किती जागा असते हे कुठल्या गुप्तहेराला ठाऊक असणार? तेच फुलांचं. आईने ठेवलेली फुलांची चित्रं घरातल्या पुरुषांच्या लेखी छंद, हिच्या लेखी पत्ता.

आणि वर्तमानपत्रातल्या छोट्या जाहिराती. मायलेकींनी त्यातून सांकेतिक निरोप धाडायचे, हे मला आधी फारच फिल्मी वाटलं होतं. पण ते अगदी खरं आहे. त्या काळात प्रेमिक लोक 'टाइम्स'मध्ये पैसे भरून सांकेतिक मजकूर छापून आणत. चार्ल्स व्हीटस्टन आणि लायन प्लेफेअर या दोन शास्त्रज्ञांना हे निरोप फोडायचा नाद होता. एकदा ऑक्सफर्डच्या एका विद्यार्थ्याने लंडनमधल्या मुलीला पळून जाऊया असं सुचवलं, तर व्हीटस्टनने त्याच संकेतलिपीत उपदेशाची जाहिरात दिली. लगेच मुलीचा निरोप छापून आला: चार्ली, आता लिहू नकोस, आपली लिपी फुटली! प्लेफेअरने हे स्वतः आठवणींत लिहून ठेवलंय. यावर वेगळा सिनेमा कुणीतरी काढा, मी पहिल्या रांगेत बसते.

आता तक्रारी. रहस्य फिकं आहे. अर्ध्यावर भाचीने गुन्हेगार ओळखला आणि उरलेला वेळ ती फक्त ट्यूक्सबरीचे, म्हणजे सिनेमातल्या तरुण लॉर्डचे, केस बघत होती. राजकारणही सोयीने वाकवलंय. सिनेमात सगळं मताधिकार वाढवणाऱ्या सुधारणा विधेयकावरच्या मतदानावर येऊन ठेपतं. प्रत्यक्षात 1884 चं ते विधेयक लॉर्ड्सनी, म्हणजे ब्रिटिश संसदेच्या वरच्या सभागृहाने, अडवलं होतं खरं, पण सुटलं ते पंतप्रधान ग्लॅडस्टन आणि विरोधी नेते सॉल्सबरी यांच्यातल्या देवघेवीतून. आणि मिळालं काय? ग्रामीण भागातल्या आणखी पुरुषांना मत. बायकांना शून्य. गंमत म्हणून हिशेब केला: एनोला 1884 मध्ये सोळाची, म्हणजे तिशीवरच्या काही बायकांना पहिल्यांदा मत मिळालं तेव्हा, 1918 मध्ये, ती पन्नाशीची. पुरुषांच्या बरोबरीचा हक्क आला 1928 मध्ये. बाई साठीला पोचली की हो.

सगळ्यात जास्त खटकली ती आई. हेलेना बोनहॅम कार्टर आहे, नजर हलत नाही तिच्यावरून. एनोलाला एका गोदामात बॉम्बचं सामान सापडतं, आईचा त्याच्याशी संबंध दिसतो, आणि सिनेमा तो विषय गुपचूप सतरंजीखाली सारतो. अहो, त्या वर्षी लंडनमध्ये खरेच स्फोट होत होते, आयरिश बंडखोरांचे. 30 मे 1884 ला तर खुद्द स्कॉटलंड यार्डात झाला. मुलीला वाऱ्यावर सोडून आई नेमकं काय करायला निघाली, हे विचारायची हिंमत हवी होती. एका मिठीत भागवलं.

शेरलॉकबद्दल लिहिलं नाही तर मैत्रिणी विचारतील. हेन्री कॅव्हिल. दंड कोटात मावत नाहीत, पण बहिणीकडे बघताना डोळे ओलावतात. यावरून कज्जा झाला होता, ठाऊक आहे? शेरलॉकचा लेखक कॉनन डॉइल, त्याच्या वारसांचं तेव्हा म्हणणं असं होतं की भावनाशील होम्स फक्त 1923 ते 1927 दरम्यानच्या कथांत आहे, आणि त्या कथांचे हक्क अजून आमच्याकडे आहेत. म्हणजे होम्सने तर्क लढवला तर फुकट, माया केली तर पैसे टाका! डिसेंबर 2020 मध्ये ते प्रकरण मिटलं.

दुसरा भाग 2022 चा. त्यात 1888 चा लंडनच्या काडेपेटी कारखान्यातल्या मुलींचा संप आहे, फॉस्फरसने त्यांचे जबडे सडत होते ती खरी भानगड आहे, आणि रहस्यही जास्त घट्ट विणलंय. त्यावर सविस्तर नंतर लिहीन. भाचीने तो अजून पाहिलेला नाही आणि ती माझ्या पोस्टी वाचते.