कार्पेंटर्सचा 'द सिंगल्स' आणि 'जुनीच गाणी परत विकली' वाला मुद्दा

ग्रेटेस्ट हिट्स, म्हणजे गाजलेल्या गाण्यांचा संग्रह, हा खरा अल्बमच नाही, कंपनी जुनीच गाणी परत विकते, कलाकाराची मेहनत शून्य, खऱ्या रसिकाने ऐकूच नये, असं सध्या जिकडेतिकडे शेअर होतंय. आणि पुरावा म्हणून काय, तर कॅरन आणि रिचर्ड या अमेरिकन पॉप गाणाऱ्या कार्पेंटर बहीणभावाचा १९७३ चा 'द सिंगल्स १९६९-१९७३'. बाकीच्या बऱ्याच हिट्स अल्बमना हे लागू पडेलही, पण हे उदाहरण साफ चुकलंय.

'जुनीच गाणी' म्हणताय ना, मग 'तिकीट टू राइड' घ्या. बीटल्सचं गाणं, यांनी पहिल्या अल्बमसाठी १९६९ ला केलं तेव्हा कॅरन एकोणीस वर्षांची होती, आवाज कोवळा होता, म्हणून या अल्बमसाठी तिने ते परत गायलं. दोन्ही पाठोपाठ ऐका, चार वर्षांत तिचा खालचा सूर किती भरलाय ते लगेच कळतं. 'टॉप ऑफ द वर्ल्ड'चं पण तेच, १९७२ च्या अल्बमवर होतं ते गायन तिला पटत नव्हतं, लिन अँडरसन या कंट्री गायिकेने ते गाणं गाऊन गाजवलं, मग यांनी परत रेकॉर्ड करून सिंगल काढलं आणि अमेरिकेत पहिल्या नंबरला गेलं. या अल्बमवर जे आहे ते हे नवीन गायलेलं.

'नुसती एकामागोमाग लावलीत' हे तर ज्यांनी अल्बम सलग ऐकलाच नाही तेच म्हणू शकतात. 'सुपरस्टार', 'रेनी डेज अँड मंडेज' आणि 'गुडबाय टू लव्ह' ही तिन्ही रिचर्डने मधे न थांबता एकमेकांना जोडलीत, म्हणजे एक एकटेपण संपायच्या आत दुसरं सुरू होतं आणि शेवटी टोनी पेलुसोची ती खरखरीत फझ गिटार अंगावर येते. सुटी सुटी ऐकून हे मिळत नाही. शफलवर तर नाहीच नाही!

'गोडगोड जाहिरातीची गाणी' हा आणखी एक टोमणा. 'वी हॅव ओन्ली जस्ट बिगन' बँकेच्या जाहिरातीतूनच आलं, खरंय, रिचर्डने ती टीव्हीवर पाहिली आणि गीतकार पॉल विल्यम्सला विचारलं की हे गाणं पूर्ण आहे का. मग काय बिघडलं? आणि नुसतं गोडगोड म्हणाल, तर 'गुडबाय टू लव्ह'मधल्या त्या गिटार सोलोमुळे चिडलेल्या चाहत्यांची पत्रं आली होती, तरी यांनी ती गिटार काढली नाही.

कॅरनला 'नुसती गायिका' म्हणणाऱ्यांनी 'यस्टर्डे वन्स मोअर'चे ड्रम्स ऐकावेत, ते तिनेच वाजवलेत. बऱ्याच हिट गाण्यांवर ड्रम्सला हॅल ब्लेन हा स्टुडिओ ड्रमर आहे हे मान्य, पण ती मूळची ड्रमरच होती आणि हे विसरलेलं बघून मला खरंच वाईट वाटतं.

राहिला 'मूळ अल्बमच ऐका' हा सल्ला. ऐकाच, मी पण ऐकते. पण अमेरिकेत त्यांचा पहिल्या नंबरला गेलेला एकमेव अल्बम हाच, ब्रिटनमध्ये तो एकूण १७ आठवडे पहिल्या नंबरवर होता, आणि आपल्याकडेही कितीतरी जणांना कार्पेंटर्स माहीत झाले ते हिट्सच्या कॅसेटवरूनच, त्यांना तुम्ही रसिक नाही असं कुठल्या तोंडाने सांगणार?