एकच पॅच, दोन सर्व्हर

‘डोटा 2 शिळा झाला’ हे वाक्य या पाच विरुद्ध पाच जणांच्या ऑनलाइन खेळाच्या भारतातल्या खेळाडूंच्या गप्पांत इतक्या वेळा येतं की आता तेच शिळं झालंय. म्हणणं साधारण असं: खेळ 2013 साली आला, नकाशा तोच, दोन तळांना जोडणाऱ्या तीन लेन त्याच, शेवटी फोडायचा शत्रूच्या तळावरचा एन्शंटही तोच. दर मॅचला खेळाडूंनी निवडलेले तेच दहा-पंधरा हिरो (पात्रं), दहाव्या मिनिटाला निकाल लागल्यात जमा, आणि खेळ बनवणाऱ्या व्हॉल्व्ह कंपनीचं लक्ष नाही ते नाहीच.

हा वाद परदेशातून ऐकणाऱ्याची एक सोय असते. त्याच्यापुढे तोच खेळ असतो, त्याच दिवशी आलेला तोच पॅच (खेळात केलेले बदल) असतो, फक्त सर्व्हर वेगळा. म्हणजे एक गोष्ट बदलून बाकी सगळं जागच्या जागी ठेवलेला प्रयोग आयताच मिळतो. त्यातून दिसतं ते असं, की घरच्या तक्रारीतला बराचसा भाग खेळाचा नाहीच, मॅच मिळण्यासाठी लागणाऱ्या रांगेचा आहे. जो थोडा खेळाचा आहे, त्याकडे मात्र कुणी बोट दाखवत नाही.

‘नकाशा तोच’ हे तर धडधडीत चूक आहे. डिसेंबर 2016 मधल्या 7.00 पॅचनं प्रत्येक हिरोला टॅलेंट ट्री, म्हणजे लेव्हल वाढताना निवडायचे फायदे, दिला. नोव्हेंबर 2019 मधल्या 7.23 नं प्रत्येक खेळाडूला आयटेम (हिरोचं साहित्य) आणून देणारा स्वतःचा कुरिअर दिला आणि जंगलातून न्यूट्रल आयटेम पडायला लागले. एप्रिल 2023 मध्ये 7.33 आला तेव्हा नकाशा सुमारे 40 टक्क्यांनी वाढला, रोशन या बलाढ्य राक्षसाच्या जागा दोन झाल्या, दोन टोकं जोडणारी दारं आली, मारल्यावर बक्षीस देणारे टॉर्मेंटर आले, उचलल्यावर अनुभव देणारी विझडम रून आली, आणि स्ट्रेंग्थ-अॅजिलिटी-इंटेलिजन्सच्या जोडीला युनिव्हर्सल हा चौथा गट आला. मे 2024 मधल्या 7.36 नं प्रत्येक हिरोला एक जन्मजात गुण दिला. 2015 सालचा एखादा तरबेज खेळाडू आज थेट मॅचमध्ये बसवला तर लास्ट हिट (सोनं मिळवून देणारा शेवटचा फटका) तो बरोबर घेईल. बाकी काय चाललंय ते त्याला कळणार नाही.

आणि ज्या ‘जुन्या डोटा’च्या नावानं उसासे टाकले जातात तो तेव्हा ताजा वाटत होता का? 2014 च्या ‘द इंटरनॅशनल’ या डोटाच्या वार्षिक जागतिक स्पर्धेत संघ लवकर गोळा होऊन टॉवर पाडत सुटायचे. न्यूबी विरुद्ध व्हिसी गेमिंग या अंतिम लढतीतला शेवटचा गेम वीस मिनिटंही टिकला नाही, आणि प्रेक्षकांनी तेव्हाही कंटाळ्याच्या नावानं बोटं मोडली. त्यावर उतारा म्हणून सप्टेंबरात 6.82 आला. मागे पडलेल्या संघाला किलमागे मिळणारं सोनं त्यात वाढवलं, ते इतकं की आघाडीवर असणंच महागात पडायला लागलं, आणि थोड्याच दिवसांत ते खाली आणावं लागलं. मग 6.83 मध्ये जिकडेतिकडे स्नायपर आणि ट्रोल वॉरलॉर्ड हेच हिरो. आठवणीत मात्र आपण फक्त जिंकलेल्या मॅच ठेवलेल्या असतात.

आता रांगेकडे या. ‘तेच दहा हिरो’ ही तक्रार लहान सर्व्हरवर खरी असते, पण तिचं कारण पॅचमध्ये नसतं. खेळात सव्वाशेच्या आसपास हिरो आहेत. एक माणूस मनापासून खेळतो ते चार किंवा पाच. रँक्ड मॅच लावताना एमएमआर (कौशल्याचा आकडा) जुळावा लागतो, पाचही भूमिका भराव्या लागतात, बिहेवियर स्कोअर (वागणुकीचे गुण) जवळचा लागतो, पार्टीसमोर (एकत्र रांगेत आलेल्या मित्रांसमोर) शक्यतो पार्टी लागते आणि पिंग, म्हणजे सर्व्हरपर्यंत जाऊन-येऊन लागणारा वेळ, हेही बरं लागतं. समजा, एका रँकच्या आसपास एका वेळेला दोनशे माणसं रांगेत आहेत. ऐकायला भरपूर वाटतात. पण मॅचला प्रत्येक भूमिकेची दोन माणसं हवीत, आणि त्या दोनशेंत मिड (मधली लेन) मागणारे सत्तर नि पाच नंबरचा सपोर्ट (इतरांना मदत करणारी भूमिका) मागणारे पंधरा असतील, तर मॅचची संख्या त्या पंधरांवर ठरते. त्यातून स्कोअरची चाळण लावली की उरतात आठ-दहा, म्हणजे जेमतेम चार-पाच मॅच, चाळीसेक माणसं. रात्री उशिरा जितका वेळ थांबाल तितकी शोधाची कक्षा रुंदावते. मग एमएमआरमधला फरक वाढतो, दहाव्या मिनिटाला सामना एकतर्फी होतो, आणि पुढच्या मॅचला पुन्हा तीच नावं समोर येतात. त्या चाळीस माणसांचे हिरो तेच असल्यामुळे ‘मेटा’ही, म्हणजे चलतीत असलेली खेळण्याची रीतही, तीच दिसते.

स्मर्फचंही, म्हणजे नवं खातं काढून खालच्या रँकमध्ये खेळणाऱ्या तरबेज खेळाडूंचंही, असंच. सप्टेंबर 2023 मध्ये व्हॉल्व्हनं 90,000 स्मर्फ खाती बंद केली, पण लहान तळ्यात उरलेला एक मगरही संध्याकाळभर पुरतो. मोठ्या सर्व्हरवर तो एकदा भेटतो आणि गर्दीत हरवून जातो. लहान सर्व्हरवर एका बैठकीत तीनदा भेटतो. म्हणून पश्चिम युरोपच्या सर्व्हरवर, ऐन गर्दीच्या वेळी, तोच पॅच टवटवीत वाटतो.

पण दुरून डोंगर साजरे. या मोठ्या तळ्याला स्वतःचा एक शिळेपणा आहे आणि घरी बसून तो दिसत नाही. इथल्या पाच जणांत बहुधा तीन-चार मातृभाषा असतात. इंग्रजी कामापुरती, तीही आळसावलेली. मग बोलणं उरतं चॅट व्हीलवरच्या तयार वाक्यांपुरतं आणि नकाशावर खुणेचा ठोका (यालाही पिंगच म्हणतात) मारण्यापुरतं. ज्या संघाला बोलता येत नाही तो ठरावीक साच्यावर चालतो, कारण साचा हीच त्यांची एकमेव समान भाषा. कॅरी (पुढे संघाचा भार वाहणारा हिरो) त्यातल्या त्यात सुरक्षित अशा सेफ लेनला, पाच नंबर त्याच्याबरोबर, तीन नंबर अवघड अशा ऑफलेनला, चार नंबर त्याच्या मागे. कुणी लेनची अदलाबदल करून पाहिली, पहिल्या मिनिटाला तिघांनी मिळून एखादी लेन दाबायची म्हटलं, किंवा नेहमी कॅरी खेळणारा हिरो सपोर्ट म्हणून घेतला, की बाकीचे त्याला मुद्दाम खेळ बिघडवणारा समजतात. रिपोर्ट आलाच. घरच्या सर्व्हरवर हेच ‘पहिल्या दोन वेव्ह तू घे, मी त्यांचं पुल अडवतो’ (पुल म्हणजे जंगलातले क्रीप लेनमध्ये ओढणं) एवढ्या एका वाक्यात निभतं. हॉर्न वाजण्याआधी पाच जणांचं एकमत होऊ शकणं हे ताजेपणाचं मोठं भांडवल आहे. ते घरच्यांकडे आहे, आणि ते वापरलं जातं मिड कुणी घ्यायचा यावर भांडायला.

खेळाचा स्वतःचा शिळेपणा म्हणाल तर तो घड्याळात आहे. पहिल्या मिनिटाला जंगलातले क्रीपचे (संगणकाच्या हातातल्या प्राण्यांचे) कॅम्प भरतात, दुसऱ्या आणि चौथ्या मिनिटाला नदीत वॉटर रून, सहाव्याला पहिली पॉवर रून, सातव्याला विझडम श्राइन (2025 पूर्वी विझडम रून). दर मिनिटाच्या शेवटी स्टॅक, म्हणजे एकाच कॅम्पमध्ये क्रीपचा आणखी एक थर चढवणं. दहाही जणांना हे वेळापत्रक पाठ असतं, आणि दहा वर्षांत पॅचमागून पॅच आले तसं ते लांबतच गेलं. नकाशावर आलेल्या बहुतेक नव्या गोष्टीला स्वतःचं घड्याळ असतं. नवेपणा येतो, पण हजेरीपटावर आणखी एक रकाना होऊन. मोठ्या पॅचचा पहिला आठवडा धमाल जातो आणि तिसऱ्या आठवड्यात ड्यूटी सुरू झाल्यासारखं वाटतं, त्याचं कारण मला तरी हेच दिसतं.

गंमत म्हणजे त्या वेळापत्रकाच्या पोटातच खेळाची सगळ्यात खोल कारागिरीही आहे. साधा स्टॅक घ्या. मिनिट पालटताना कॅम्पच्या चौकटीत कुणी नसेल तरच नवे क्रीप येतात. म्हणून साधारण 53 ते 55 सेकंदांच्या दरम्यान एक फटका मारून क्रीपना बाहेर ओढायचं. लवकर मारलात तर ते पाठलाग सोडून मिनिटाच्या ठोक्याला घरी परततात. उशीर केलात तर चौकटीतून बाहेरच पडत नाहीत. दोन्हीकडे फळ शून्य. लांबून मारणारे क्रीप असलेल्या कॅम्पला थोडं आधी हात घालावा लागतो, कारण ते थांबून-थांबून मारत येतात. सगळं बरोबर करूनही कॅम्प भरला नाही, तर शत्रूनं चौकटीत वॉर्ड (नजर ठेवणारी अदृश्य वस्तू) रोवलेला असतो. सेंट्री (अदृश्य गोष्टी दाखवणारा वॉर्ड) लावून तो फोडल्याशिवाय पुढचं मिनिटही वाया जाणार. हे ज्याला माहीत आहे त्याला पहिली दहा मिनिटं कंटाळवाणी वाटत नाहीत, कारण प्रत्येक मिनिटाला समोरच्याचं गणित बिघडवायची संधी असते.

दुसरा दोष गाइडचा, म्हणजे काय घ्यावं याच्या तयार याद्यांचा, आणि तो दोन्ही सर्व्हरवर सारखाच. 2018 पासून डोटा प्लस ही वर्गणीची सेवा पैसे घेऊन कुठला आयटेम घ्यावा ते सुचवतं. फुकटातल्या गाइडही खेळातच उघडतात. पॅच आला की आठवडाभरात सगळ्यांच्या यादीत तेच सहा आयटेम. या याद्या जिंकण्याच्या टक्केवारीवर बेतलेल्या असतील तर एक गफलत होते. 5,000 सोन्याचा रिफ्रेशर ऑर्ब घेतलेल्या मॅच जास्त जिंकलेल्या दिसतात, पण तेवढं सोनं मुळात आघाडीवरच्या माणसाकडेच साचतं. आयटेममुळे विजय मिळाला की विजयाच्या वाटेवर होता म्हणून आयटेम आला, हे टक्केवारी सांगत नाही. उलट हरत असताना, तळावरून बाहेर पडता यावं म्हणून घेतलेल्या स्वस्त आयटेमची टक्केवारी वाईट दिसते आणि तो यादीतून गळतो. मग सगळे जिंकतानाचा बिल्ड हरतानाही लावतात आणि म्हणतात, ‘प्रत्येक मॅच सारखीच’.

ज्याला खरोखर तपासायचंय त्यानं गाइड बंद करून एकच हिरो वीस मॅच खेळून पाहावा, शक्यतो नेहमीपेक्षा वेगळ्या भूमिकेत. प्रत्येक मॅचनंतर रीप्लेमध्ये फक्त आपल्या मरणाआधीची पंधरा सेकंदं बघावीत: नकाशावर शत्रूचे किती जण दिसत होते, आपला वॉर्ड कुठे होता, टेलिपोर्ट स्क्रोल तयार होता का. हे टर्बो या वेगवान प्रकारात करू नये. तिथं सोनं आणि अनुभव भराभर येत असल्यामुळे आयटेम कितव्या मिनिटाला जमतो हा मुख्य प्रश्नच खोटा ठरतो. वीस मॅचनंतरही कंटाळा आला तर खुशाल दुसरा खेळ शोधावा. त्यात गैर काही नाही.

बक्षिसाच्या रकमेवरून खेळाची नाडी बघणाऱ्यांसाठी थोडंसं. 2021 च्या इंटरनॅशनलचं बक्षीस 4 कोटी डॉलर होतं आणि 2023 चं 30 लाखांच्या आसपास, यावरून ‘संपला’ म्हणणं सोपं आहे. पण ती मोठी रक्कम बॅटल पासच्या (हिरोंच्या सजावटीच्या वस्तू देणाऱ्या हंगामी पासच्या) विक्रीतल्या 25 टक्क्यांची होती. 2023 पासून व्हॉल्व्हनं तो पासच गुंडाळला आणि ती मेहनत इतर कामांकडे वळवली. रक्कम आटली ती टोप्या-कपड्यांच्या दुकानाची. खेळाडूंचा उच्चांक मार्च 2016 मधला, एका वेळी सुमारे 12.9 लाखांचा, तो पुन्हा गाठला गेलेला नाही, हे मान्य. तरी दहा माणसं जमायला तेवढी गर्दी लागत नाही. लागते ती आपल्या रँकची, आपल्या वेळेला.

म्हणूनच परदेशात गेलेल्यांनी घरच्या पार्टीत खेळणं हा दोन्हीकडच्या शिळेपणावर बऱ्यापैकी उतारा आहे: भाषा घरची, आणि रांगेत थोडी भर. अडचण पिंगची. फायबरमधून प्रकाश सेकंदाला साधारण दोन लाख किलोमीटर जातो. फ्रँकफर्ट ते मुंबई सरळ रेषेत साडेसहा हजार किलोमीटर धरले तर जाऊन-येऊन 65 मिलिसेकंदांखाली कुणीच नेऊ शकत नाही, आणि केबल सरळ रेषेत नसून तांबड्या समुद्रातून वळसा घालून जात असल्यामुळे प्रत्यक्षात सव्वाशे किंवा त्याहून जास्त लागतात. खेळाचा सर्व्हर सेकंदाला तीसदा हिशेब करतो, म्हणजे दर 33 मिलिसेकंदांनी एकदा. दहा आणि तीस पिंगमधला फरक त्यात बराचसा विरतो. तीस आणि दीडशेमधला विरत नाही.

सेटिंगमध्ये सर्व्हर आपोआप निवडणं बंद करावं आणि दुबई घ्यावा. भारतातल्यांचं पिंग थोडं वाढतं, युरोपातल्याचं थोडं कमी होतं, दोघंही सारखेच कुरकुरतात. ज्याचं पिंग जास्त त्यानं पाच नंबर घ्यावा: वॉर्ड, स्टॅक, स्मोक (संघानं अदृश्य होऊन चाल करणं) ही कामं आधी ठरवून होतात, आणि वॉरलॉक किंवा जॅकिरोसारख्या हिरोचे मुख्य स्पेल जमिनीवर टाकायचे असल्यामुळे थोडा उशीर खपतो. पक आणि स्टॉर्म स्पिरिट या चपळ हिरोंना हात लावू नये. समोरून येणारा स्पेल दिसेपर्यंत तो लागलेला असतो. लास्ट हिटचा सराव करायचा तर प्रॅक्टिस लॉबी काढून तिचाही सर्व्हर दुबईच निवडावा, नाहीतर हाताला चुकीची वेळ बसते. युरोपात उन्हाळ्यात संध्याकाळी सातला सुरुवात केली तर भारतात साडेदहा होतात. ऑक्टोबरच्या शेवटी घड्याळं मागे गेली की साडेअकरा, आणि तिथून मार्चपर्यंत दोनपेक्षा जास्त मॅच होत नाहीत.