नाक मध्ये येतं

जुनी एचएमटी घड्याळं घरच्या घरी उघडून साफ करायचा छंद स्वस्तातला आहे, असं म्हणणाऱ्याने अजून भिंग विकत घेतलेलं नसतं. बंगळूरला १९६१ मध्ये जपानच्या सिटिझनच्या मदतीने ही घड्याळं बनू लागली आणि २०१६ मध्ये कारखान्यांना टाळं लावायचं ठरलं. मधल्या काळात कितीतरी वडलांच्या मनगटावर एचएमटीची 'जनता' येऊन गेली आणि नंतर कपाटात जुन्या पासबुकांखाली जाऊन पडली. तिथून ती मी काढतो. चावीचं घड्याळ, १७ माणकं (चाकांचे आस ज्यांच्या भोकांत फिरतात ते खडे), तासाला १८,००० ठोके. मागचं झाकण काढल्यावर आतलं दिसावं, एवढीच माझी माफक अपेक्षा.

चाळिशी लागून बरीच वर्षं झालेले डोळे ती पुरी करत नाहीत. बॅलन्स व्हीलच्या, म्हणजे मागेपुढे झुलून ठोके देणाऱ्या चाकाच्या, आसाचं टोक मिलिमीटरच्या दहाव्या हिश्श्याएवढं असतं. ते माणकाच्या भोकात बसलंय की नुसतंच कडेवर टेकलंय, हे चष्म्यातून बघून सांगणं हा श्रद्धेचा विषय आहे.

भिंग घ्यायचं म्हटलं की माणसाला सगळ्यांत मोठं हवं असतं. ऑनलाइन बाजाराला हे पक्कं ठाऊक आहे. तिथे ६० मिलिमीटर व्यासाची, दांड्यात दिवा असलेली भिंगं '३० एक्स' म्हणून बिनदिक्कत विकली जातात. आता हिशेब शाळेतला आहे. २५० ला मिलिमीटरमधल्या नाभीय अंतराने (भिंग उन्हाचा ठिपका जितक्या लांब गोळा करतं, तेवढ्या) भागलं की किती पट ते कळतं. म्हणजे ३० पटीसाठी नाभीय अंतर आठेक मिलिमीटर हवं. ६० मिलिमीटरच्या काचेला ते जन्मात जमणार नाही. तिला फुगवत फुगवत अख्खा गोळा केलात तरी गाडी साडेपाच पटीच्या आसपास थांबते. खाली अभिप्राय मात्र असतात : 'उत्तम वस्तू, आजोबा खूश.'

शिवाय काही विक्रेते आलेल्या आकड्यात वर एक मिळवतात, भाजीवाल्याने पिशवीत कोथिंबीर टाकावी तसा. याला पाठ्यपुस्तकाचा आधार आहे (प्रतिमा पंचवीस सेंटिमीटरवर धरली तर तो एक खरंच मिळतो), त्यामुळे भांडताही येत नाही. टेबलाला लावायच्या गोल दिव्याच्या भिंगावर '३ डायॉप्टर, १.७५ एक्स' लिहिलेलं असतं; डायॉप्टर म्हणजे चष्म्याला असतो तसा नंबर. त्यातला एक कोथिंबिरीचा. उरलेल्या पाऊण पटीचे पैसे आपण मोजायचे.

शेवटी रविवार पेठेत गेलो. सोनारकामाची हत्यारं विकणारं दुकान, काउंटरमागे एक वयस्कर गृहस्थ.

"दहा पटीचं भिंग दाखवा," मी म्हणालो.

"सोनार की घड्याळ?"

"घड्याळ."

"चष्मा काढून काम करता की घालून?"

"घालून."

"मग दहा पटीचं कशाला मागताय?"

मी नाभीय अंतराचं काहीतरी बोलायला लागलो. त्यांनी न ऐकता भिंग माझ्या हातात दिलं, पुढ्यात घड्याळाचं एक मोडकं यंत्र ठेवलं आणि स्क्रूड्रायव्हर दिला. "लावा डोळ्याला आणि हा स्क्रू सोडवा."

दहा पटीच्या भिंगाखाली वस्तू अडीच सेंटिमीटरवर धरावी लागते. तेवढ्या फटीत माझा स्क्रूड्रायव्हर, त्याला धरणारी बोटं आणि माझं नाक या तिघांनी एकाच वेळी मावायचं होतं. स्क्रूड्रायव्हरच्या मागच्या टोपीवर तर्जनी ठेवायची असते, ती थेट चष्म्याच्या काचेवर जाऊन आदळली. त्यातून जे दिसलं ते अप्रतिम दिसलं, नाही असं नाही. स्क्रूची खाच एखाद्या दरीएवढी. पण शेजारचं चाक, जे जेमतेम मिलिमीटरभर खाली होतं, ते पार धुक्यात.

"नाक मध्ये येतं," मी म्हणालो.

"काढून ठेवता येत असेल तर भिंग घेऊन जा."

तिथून पुढची बोलणी अंतराच्या भाषेत झाली. चार पट म्हणजे सहाएक सेंटिमीटर, अडीच पट म्हणजे दहा. पटी वाढवल्या की जागा जाते, दिसणारं वर्तुळ आक्रसतं, उजेड अडतो. खरेदीदार मात्र पटीखेरीज काही विचारत नाही, हे त्यांचं दुखणं. मला ते पटलं. आकडा वाचण्यापेक्षा हत्यार हातात धरून बघावं.

चार पटीचं, डोळ्याच्या खोबणीत धरायचं भिंग घेतलं. घड्याळजी ते भुवई आणि गाल यांच्यामध्ये तासन्‌तास सहज पेलतात. माझ्या चेहऱ्याला तसले स्नायूच नाहीत. भिंग दर थोड्या वेळाने यंत्रावर पडायचं. मे महिन्यात आतून वाफ धरते, म्हणून जाणते लोक त्याच्या कडेला भोक पाडून घेतात. दुसरा डोळा उघडा ठेवायचा असतो, पण तो आपोआप मिटतो. मी गॅलरीत उजेडाला बसतो आणि समोरच्या गॅलरीत एक आजी बसतात. आता त्या आत बसतात. मग चष्म्याच्या काडीला अडकवायचं भिंग आणलं.

एका डोळ्याने खोलीचा अंदाज येत नाही, चिमटा हवेतच मिटतो. म्हणून दोन्ही डोळ्यांसाठी कपाळपट्टीचं भिंग. काचा बदलता येतात, चष्म्यावरून घालता येतं, मध्यभागी बॅटरीवरचा दिवा. प्रोग्रेसिव्ह चष्म्यात जवळचं बघायची जागा खाली असते, म्हणून हनुवटी वर उचलून बसावं लागतं; घड्याळ दुरुस्त करणारा माणूस छताला प्रश्न विचारतोय असं दिसतं. "अहो, आलाच आहात तर माझा कान बघा," हे बायकोचं पहिलं वाक्य.

मॉनिटरवर चित्र दाखवणारा सूक्ष्मदर्शकही एका मित्राकडे पाहिला. हात हलतो आत्ता आणि पडद्यावर हलतो क्षणभराने. तेवढ्यात स्प्रिंग उडून कपाटाखाली जाते. दोन डोळ्यांचा स्टिरिओ सूक्ष्मदर्शक मात्र खरा. दहा पट दाखवून खाली दहाएक सेंटिमीटर मोकळे सोडतो, म्हणजे नाकाचा प्रश्नच सुटला. पण तो जेवणाच्या टेबलावर ठेवायचा तर जेवायचं कुठे, हा ठराव आमच्या घरात मतदानाला येण्याआधीच फेटाळला गेला.

तर सध्या नेहमीच्या कामाला अडीच पटीची कपाळपट्टी आणि तेल घालताना चार पटीचं भिंग. ही व्यवस्था मला मान्य आहे, अडचण एवढीच की पट्टी जागेवर नसते. गोळ्यांच्या पाकिटावरची तारीख वाचायला जाते, सुईत दोरा ओवायला जाते, काटा काढायला शेजारीही जाते. परवा ती शोधत स्वयंपाकघरात गेलो तर बायको दिवा लावून, पट्टी कपाळावर चढवून परातीतला रवा बघत होती. मी मुकाट्याने हात पुढे केला.

"थांबा हो," ती मान वर न करता म्हणाली, "नीट दिसत नाहीये. यापेक्षा मोठं नाही का मिळत?"